पाटी सिस्टिम अ‍ॅडमिनची, काम डेव्हऑप्सचं

भोसरी एमआयडीसीत आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते. महावितरणही देखभालीची कामं बहुधा त्याच दिवशी काढतं. यंत्रं थांबलेली असतात, आणि कारखान्यातल्या सिस्टिम अ‍ॅडमिनची, म्हणजे सर्व्हर सांभाळणाऱ्याची, खरी ड्यूटी तेव्हाच सुरू होते. पॅच (सॉफ्टवेअरच्या दुरुस्त्या) टाकायचे, सर्व्हर रीस्टार्ट करायचे, यूपीएसच्या बॅटऱ्या तपासायच्या, सगळं गुरुवारी. आमच्या सोसायटीतला एक मुलगा सहा वर्षं हे काम करतोय. मध्यंतरी जिन्यात भेटला आणि म्हणाला, "काका, मला डेव्हऑप्समध्ये जायचंय. क्लास लावू का? फी बरीच आहे. पण माझं डेझिग्नेशनच सिस्टिम अ‍ॅडमिन, त्यामुळे मुलाखतीलाही कोणी बोलवत नाही."

मी विचारलं, "तुझ्याकडे सर्व्हर किती?"

"बावीस. सगळे लिनक्स. दोन मोठ्या मशीनवर व्हर्च्युअल करून ठेवलेत."

"त्यातला एखादा आज रात्री गेला, तर जसाच्या तसा परत उभा करायला किती वेळ लागेल?"

तो जरा थांबला. "कुठला जातो त्यावर आहे. ईआरपीचा, म्हणजे कारखान्याचा सगळा कारभार ज्यावर चालतो तो, असेल तर दोन दिवस. आणि मी गावाला गेलेलो नसलो पाहिजे."

मी त्याला म्हटलं, क्लासचं नंतर बघू, आधी या उत्तरावर बोलू. पुढच्या दोन-तीन रविवारी आम्ही जे बोललो ते इथे लिहितोय. पुण्यात त्याच्यासारखी मुलं-मुली भरपूर आहेत. कोणी चाकणच्या कारखान्यात, कोणी हिंजवडीत सपोर्ट प्रोजेक्टवर, कोणी कॉलेजच्या सर्व्हर रूममध्ये. सगळ्यांची समजूत एकच, की डेव्हऑप्स ही एक पोस्ट आहे आणि ती कोणीतरी द्यावी लागते. माझं म्हणणं वेगळं आहे. ती डेव्हलपमेंट (प्रोग्राम लिहिणं) आणि ऑपरेशन्स (सर्व्हर सांभाळणं) एकत्र करायची एक रीत आहे, आणि आत्ता हातात असलेल्या सर्व्हरवर ती सुरू करता येते.

शब्द आला कुठून

हा शब्द कुठल्याही एचआर खात्याने काढलेला नाही. पॅट्रिक देब्वा नावाचे बेल्जियममधले एक सल्लागार २००७ मध्ये तिथल्या एका सरकारी खात्याच्या डेटा सेंटर स्थलांतरावर काम करत होते. काही दिवस प्रोग्रामरांबरोबर, काही दिवस सर्व्हर सांभाळणाऱ्यांबरोबर बसायचं. दोन्हीकडची माणसं जाणती, पण एकमेकांशी बोलणं जवळपास नाही, आणि त्याचा देब्वांना फार त्रास झाला. जून २००९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका परिषदेत फ्लिकर या फोटो साइटच्या जॉन ऑल्सपॉ आणि पॉल हॅमंड यांनी सांगितलं, की आम्ही दिवसाला दहाहून जास्त वेळा नवा कोड लाइव्ह करतो आणि साइट पडत नाही, कारण आमचे दोन्ही गट एकत्र काम करतात. देब्वांनी ते दुरून ऐकलं, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बेल्जियममधल्या गेंट शहरात अशाच लोकांना दोन दिवस एकत्र बोलावलं. त्या मेळाव्याचं नाव 'डेव्हऑप्सडेज'. ट्विटरवर लिहिताना त्यातले 'डेज' गळाले आणि शब्द रुळला.

यातले ऑल्सपॉ ऑपरेशन्सचे माणूस. म्हणजे सर्व्हर सांभाळणाऱ्यांना या कामात मागच्या दाराने शिरावं लागतं, ही समजूतच चुकीची आहे. ते पहिल्या दिवसापासून आत आहेत.

मग भांडण कशाचं होतं? प्रोग्रामरला पगार मिळतो बदल करण्याचा. सिस्टिम अ‍ॅडमिनला मिळतो सगळं चालू ठेवण्याचा, आणि चालू गाडी बहुतेक वेळा कोणीतरी हात लावल्यावरच बिघडते. एकाचं कर्तव्य ते दुसऱ्याच्या डोक्याला ताप. यावरचा जुना तोडगा म्हणजे बदल महिन्यातून एकदाच करा, त्यावर चार सह्या घ्या. ऐकायला सुरक्षित वाटतं. पण महिनाभराचे चाळीस बदल एकाच रात्री गेले आणि काही बिघडलं, तर चाळिसातला कुठला बाधला हे शोधता शोधता उजाडतं. डेव्हऑप्सच्या रीतीत बदल लहान असतो, वारंवार होतो, प्रत्येकाची नोंद राहते आणि प्रत्येक बदल मागे घ्यायची वाट आधीच ठरलेली असते. एकच बदल गेला आणि बिघडलं तर कारण समोरच उभं असतं.

विसर्जनाच्या संध्याकाळचा फोन

मी स्वतः बारा वर्षं सिस्टिम अ‍ॅडमिन होतो. एका वर्षी अनंत चतुर्दशीच्या संध्याकाळी लक्ष्मी रोडच्या गर्दीत उभा होतो, तेवढ्यात कंपनीतून फोन आला. लाईट जाऊन आली होती, सर्व्हर परत चालू झाला होता, पण ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर एकही फाईल दाखवत नव्हतं. ड्यूटीवरचा सहकारी रडवेल्या आवाजात म्हणाला, "सर, डिरेक्टरी रिकामी आहे. डेटा उडाला."

डेटा कुठेही उडाला नव्हता. सात महिन्यांपूर्वी जागा संपली म्हणून मी त्या सर्व्हरला एक नवी डिस्क जोडली होती आणि हाताने कमांड देऊन माउंट केली होती. सर्व्हर चालू होताना कुठली डिस्क कुठे जोडायची हे ज्या फाईलमध्ये लिहिलेलं असतं, त्या एफएसटॅबमध्ये मात्र तिची ओळ घालायची राहिली होती. सात महिन्यांत सर्व्हर एकदाही बंद झाला नाही, त्यामुळे ती चूक झाकलेलीच राहिली. ढोल-ताशांच्या आवाजात, एका बंद दुकानाच्या शटरला पाठ लावून, दुसऱ्या कानात बोट घालून मी त्याला कमांड एकेक अक्षर करून सांगत होतो. पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात त्याने घाबरून त्या रिकाम्या डिरेक्टरीत जुना बॅकअप उतरवला असता, तर लोकांनी जुन्याच ड्रॉइंगवर काम सुरू केलं असतं आणि खरा डेटा कुठला, खोटा कुठला हे निस्तरायला आठवडा गेला असता.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी माझं कौतुक केलं, सणाच्या दिवशीसुद्धा फोन घेतला म्हणून. ते कौतुक मला सोसलं नाही. त्या सर्व्हरला सहा डिस्क आहेत हे फक्त मला ठाऊक होतं, आणि कंपनीने त्यालाच निष्ठा म्हटलं. आज मागे वळून पाहिलं तर माझं डेव्हऑप्स त्या आठवड्यात सुरू झालं. तोवर तो शब्द मी ऐकलेलाही नव्हता.

वॉचमन आणि फ्लोट स्विच

डोक्यातलं ज्ञान कागदावर काढायचं म्हटलं, की आपण वर्ड फाईल लिहायला बसतो. तीन महिन्यांत ती शिळी होते. त्यापेक्षा असं लिहावं, की जे माणसाला वाचता येईल आणि मशीनला चालवताही येईल. याला 'इन्फ्रास्ट्रक्चर अ‍ॅज कोड' म्हणतात. नाव भारदस्त आहे, गोष्ट साधी आहे.

सोसायटीची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. वॉचमनला सूचना दिलेली असते, 'सकाळी सहाला पंप अर्धा तास लाव.' रोज ठीक चालतं. मग गुरुवारी महापालिका पाणी बंद ठेवते, शुक्रवारी ते कमी दाबाने येतं, आणि खालच्या टाकीत पाणीच नसताना पंप कोरडा फिरतो. किंवा कोणीतरी आधीच पंप लावलेला असतो आणि वरची टाकी वाहून जिना ओला होतो. आता वॉचमनच्या जागी फ्लोट स्विच बसवा. त्याला वेळ सांगायची नाही, 'टाकी भरलेली असावी' एवढंच सांगायचं. रिकामी दिसली तर तो पंप चालू करतो, भरलेली दिसली तर काहीच करत नाही. दहा वेळा तपासलं तरी टाकी वाहत नाही.

आपली नेहमीची बॅश स्क्रिप्ट, म्हणजे लिनक्सच्या कमांडची लिहून ठेवलेली यादी, वॉचमनसारखी असते. हे कर, मग ते कर. एकदा चालवली तर बरोबर, चुकून दोनदा चालवली तर फाईलमध्ये तीच ओळ दोनदा. अ‍ॅन्सिबल किंवा पपेटसारखी साधनं फ्लोट स्विचसारखी असतात. तुम्ही हवी ती स्थिती लिहायची आणि फरक असेल तिथेच ते हात लावतात. कितीही वेळा चालवलं तरी निकाल तोच, या गुणाला 'आयडेम्पोटन्सी' म्हणतात. मुलाखतीत हा शब्द हमखास विचारतात. टाकीचं उदाहरण लक्षात ठेवलंत तर घोडं अडणार नाही.

या मुलाला मी अ‍ॅन्सिबलपासून सुरुवात करायला सांगितलं. ते २०१२ मध्ये आलं, २०१५ मध्ये रेड हॅटने विकत घेतलं, आणि लिनक्सवाल्यासाठी त्याची मोठी सोय अशी की प्रत्येक सर्व्हरवर वेगळा एजंट (छोटा मदतनीस प्रोग्राम) बसवावा लागत नाही. आपण रोज वापरतो त्याच एसएसएचवरून, म्हणजे दुरून सर्व्हरवर शिरायच्या सुरक्षित वाटेने, ते काम करतं. पहिलं काम अगदी छोटं निवडलं, बावीसही सर्व्हरची वेळ एकाच ठिकाणाहून जुळवायची. प्लेबुकमध्ये, म्हणजे अ‍ॅन्सिबलला द्यायच्या सूचनांच्या फाईलमध्ये, सांगायच्या गोष्टी चारच होत्या. या गटातले सर्व्हर घे. क्रोनी हे वेळ जुळवणारं पॅकेज बसवलेलं असू दे. त्याची कॉन्फिग फाईल ही अशी असू दे. फाईल बदलली असेल तरच सेवा रीस्टार्ट कर.

आणि लगेच चालवायचं नाही, आधी 'चेक मोड'मध्ये बघायचं. त्यात काहीही न बदलता फक्त कुठे काय बदललं जाईल तेवढंच दिसतं. त्या दुपारी त्याने मला स्क्रीनचा फोटो पाठवला. एकोणीस सर्व्हर अपेक्षेप्रमाणे होते. तीन सर्व्हर अशा एका मशीनकडून वेळ मागत होते, जे दोन वर्षांपूर्वीच भंगारात गेलं होतं. त्यातल्या एकाचं घड्याळ चार मिनिटं पुढे होतं. ईआरपीच्या लॉगमधल्या वेळा डेटाबेसच्या लॉगशी का जुळत नाहीत, यावरून त्याचे आणि व्हेंडरचे वर्षभर खटके उडत होते. उत्तर इथे होतं.

आठपैकी सात

"पण काका, बावीसच तर आहेत. हाताने केलं तरी होतं की," तो म्हणाला. तेव्हा मी त्याला नाइट कॅपिटलची गोष्ट सांगितली. अमेरिकेतली ही शेअर खरेदी-विक्री करणारी मोठी कंपनी. तिचे ते सर्व्हर बावीससुद्धा नव्हते, आठ होते. २०१२ च्या जुलैअखेर नवा कोड त्या आठ सर्व्हरवर हाताने टाकला गेला. सातांवर गेला, आठव्यावर राहिला. दुसऱ्या कोणी पडताळून पाहावं असा लेखी नियम नव्हता. आठव्या सर्व्हरवर वर्षानुवर्षं न वापरलेला एक जुना भाग पडून होता, आणि नव्या कोडसाठी वापरलेल्या खुणेने तोच जागा झाला. १ ऑगस्ट २०१२ रोजी बाजार उघडल्यावर त्या एका सर्व्हरने ऑर्डरींचा मारा सुरू केला. पंचेचाळीस मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून जास्त नुकसान झालं.

दोन तपशील मला फार महत्त्वाचे वाटतात. गडबड लक्षात आल्यावर तिथल्या लोकांनी नवा कोडच दोषी समजून तो उरलेल्या सात सर्व्हरवरूनही काढला, आणि मग आठही सर्व्हर तसेच वागू लागले. बदल मागे घ्यायची वाट आधी नीट ठरवलेली नसली, की घाईत असंच होतं. दुसरं, बाजार उघडण्याच्या आधीच त्यांच्या सिस्टिमने याच दोषाचा उल्लेख असलेले ९७ ईमेल कर्मचाऱ्यांना पाठवले होते. ते धोक्याची सूचना म्हणून बघायची कोणाला सवयच नव्हती. तुमच्या इनबॉक्समध्ये सर्व्हरचे रोज किती मेल न वाचता पडतात, ते आज मोजून बघा. ज्या अलर्टवर कोणी काहीच करत नाही तो एकतर बंद करा, नाहीतर त्यावर नेमकं काय करायचं ते लिहून ठेवा.

पहिलं मोठं काम: सर्टिफिकेट

साहेबांना 'ऑटोमेशन करतो' म्हटलं की ते विचारतात, कशाला, चाललंय ना? त्यांना पटेल असं एक काम सध्या आपसूक चालून आलंय. वेबसाइट खरी आहे आणि तिच्याशी होणारं बोलणं गुप्त राहतं याची हमी देणाऱ्या टीएलएस सर्टिफिकेटची कमाल मुदत मार्च २०२६ पर्यंत ३९८ दिवस होती. वर्षातून एकदा आठवण ठेवून, हाताने बदलून भागायचं. ब्राउझर कंपन्या आणि सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांच्या मंडळाने एप्रिल २०२५ मध्ये ठरवलं, की ही मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस राहील. म्हणजे पंधरा साइट असतील तर २०२९ नंतर जवळपास दर तीन दिवसांनी एक सर्टिफिकेट. हे हाताने कोणी करणार नाही.

लेट्स एन्क्रिप्टने मोफत आणि आपोआप नूतनीकरण होणारी सर्टिफिकेटं देऊन ही वाट २०१५ मध्येच घालून दिली आहे. त्यांची मुदत त्यांनी सुरुवातीलाच नव्वद दिवसांची ठेवली, ती मुद्दाम, लोकांनी हाताने करायचं सोडावं म्हणून. सगळ्या साइटची यादी करणं, कुणाची मुदत कधी संपते हे रोज आपोआप तपासणं, नूतनीकरण मशीनवर सोपवणं, झाल्यावर वेब सर्व्हर रीलोड करणं, आणि झालं नाही तर पंधरा दिवस आधी फोन वाजणं. एवढं केलंत तर ऑटोमेशन, मॉनिटरिंग आणि अलर्टिंग हे तिन्ही विषय तुमच्या हाताखालून गेले. बजेट लागत नाही, परवानगी सहज मिळते, आणि निकाल सगळ्यांना दिसतो.

हे सगळं गिटमध्ये, म्हणजे फाईलींच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनात, ठेवा. गिट २००५ मध्ये लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी लिनक्स कर्नेलच्या कामासाठी लिहिलं, आणि आपण सिस्टिम अ‍ॅडमिन त्याच कर्नेलवर पोट भरतो, तरी 'ते प्रोग्रामरांचं' म्हणून त्याला शिवत नाही. 'कॉन्फिग डॉट बॅकअप डॉट नवीन डॉट फायनल' अशा फाईली करत राहतो. गिटमध्ये बदल नोंदवताना काय बदललं हे लिहायची गरज नाही, ते दिसतंच. का बदललं ते लिहा. 'लॉगसाठी जागा वाढवली, कारण ऑडिटवाल्यांना १८० दिवसांचे लॉग हवेत', अशी एक ओळ. दोन वर्षांनी येणाऱ्या माणसाला ती ओळ वाचवेल, आणि बहुधा तो माणूस तुम्हीच असाल. पासवर्ड मात्र चुकूनही आत जाऊ देऊ नका. नंतर फाईल पुसली तरी इतिहासात तो राहतो. गेलाच तर लगेच बदला.

तुमच्या गाठीशी जे आहे

डेव्हऑप्सच्या जाहिरातीत डॉकर, कुबरनेटिस, टेराफॉर्म, जेन्किन्स अशी लांबलचक यादी असते आणि सहा-सात वर्षं सर्व्हर सांभाळलेल्या माणसाला आपण कोरी पाटी आहोत असं वाटू लागतं. मला याचं फार वाईट वाटतं, कारण ते खरं नाही.

डॉकर २०१३ मध्ये आलं, पण त्याच्या पोटात आहे ते लिनक्सच. प्रोसेसला वेगळं जग दाखवणाऱ्या नेमस्पेसेस, आणि तिला किती मेमरी, किती सीपीयू मिळेल यावर बंधन घालणारे सीग्रुप्स. ज्याला प्रोसेस, माउंट, पोर्ट आणि परवानग्या कळतात, त्याला कंटेनर (असं वेगळं जग देऊन बंदिस्त केलेला प्रोग्राम) समजायला दोन आठवडे पुरतात. ज्याला त्या कळत नाहीत तो कमांड पाठ करतो, आणि पहिल्या अडचणीला थांबतो.

एक प्रसंग सांगतो. आमच्या टीममध्ये एक कंटेनर दर काही तासांनी मरत होता. एक्झिट कोड १३७. नव्या मुलाने चार वेळा रीस्टार्ट केला आणि मग प्रोग्रामरला 'तुझ्या कोडमध्ये बग आहे' म्हणून तिकीट टाकलं. शेजारी बसलेली बाई, आधी दहा वर्षं सिस्टिम अ‍ॅडमिन होती. ती म्हणाली, "अरे, १३७ म्हणजे १२८ अधिक ९. सिग्नल नऊ. त्याला कोणीतरी मारतंय, तो आपणहून मरत नाहीये." कर्नेलचा लॉग पाहिला. मेमरीची मर्यादा ओलांडली म्हणून कर्नेलनेच त्याला मारलं होतं. मर्यादा कोणी घातली, किती घातली, आणि त्या प्रोग्रामला खरी किती लागते, हे बघून अर्ध्या तासात प्रश्न सुटला. 'डीएफ' ही कमांड सांगते डिस्क भरली आणि फाईलींची बेरीज करणाऱ्या 'डीयू'प्रमाणे निम्मीच वापरात आहे, तेव्हा पुसलेली फाईल कुठल्या तरी प्रोसेसने अजून उघडी धरलेली असते, हे तुम्हाला झोपेत सुचतं. क्लाउडवरही डिस्क भरतातच, डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी यंत्रणा) चुकतोच.

कुबरनेटिस गूगलने २०१४ मध्ये खुलं केलं. ते समजायला पुन्हा आपला फ्लोट स्विच घ्या. 'या प्रोग्रामच्या तीन प्रती चालू असाव्यात' असं लिहून द्यायचं. ते सतत मोजत राहतं, दोनच दिसल्या तर तिसरी उभी करतं. बाकी सगळा पसारा या एका कल्पनेभोवती आहे. पण ते शेवटी शिका. बावीस सर्व्हरच्या कारखान्यात त्याची गरज नसते, आणि रेझ्युमेसाठी म्हणून कंपनीच्या गळ्यात ते बांधणं बरं नव्हे. घरच्या सोळा जीबीच्या लॅपटॉपवर हवे तेवढे प्रयोग करा.

एका बाबतीत मात्र आपण सिस्टिम अ‍ॅडमिन खरंच कच्चे असतो, आणि ते मान्य करून मेहनत घ्यावी लागते. दुसऱ्याला वाचता येईल असा कोड लिहिणं. आपल्या स्क्रिप्ट आपल्यापुरत्या असतात. मधली एक कमांड फसली तरी पुढची चालूच राहते, आणि शेवटी 'बॅकअप पूर्ण' असा मेल येतो. पायथन इतपत शिका, की फाईल वाचता येईल, एखाद्या सेवेला एपीआयवरून प्रश्न विचारता येईल, आणि चूक झाली तर प्रोग्राम मोठ्याने सांगून थांबेल. मग ती स्क्रिप्ट दुसऱ्याला वाचायला द्या. पहिल्या वेळी ओशाळल्यासारखं होतं. मलाही झालं होतं.

ज्या रात्री सगळं उघड्यावर ठेवलं

बॅकअपचा विषय निघालाच आहे तर ३१ जानेवारी २०१७ ची रात्र सांगायला हवी. गिटवरचे प्रोजेक्ट सांभाळणारी साइट चालवणाऱ्या गिटलॅब कंपनीत एक इंजिनीअर रात्री उशिरा डेटाबेसच्या दोन सर्व्हरशी झगडत होता. दुय्यम सर्व्हरवरची डिरेक्टरी पुसायची होती. कमांड गेली मुख्य सर्व्हरवर. सेकंदा-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं, त्याने थांबवलं, पण ३०० जीबीपैकी साडेचार जीबीच्या आसपास उरलं होतं. मग बॅकअप शोधायला गेले, तर रोजचा बॅकअप कितीतरी दिवस होतच नव्हता. बॅकअप घेणारं साधन डेटाबेसपेक्षा जुन्या आवृत्तीचं होतं, म्हणून ते दर वेळी अपयशी व्हायचं, आणि त्या अपयशाचे मेल मेल सर्व्हरच परत फिरवत होता. सुदैवाने कोणीतरी सहा तासांपूर्वी वेगळ्याच कामासाठी एक स्नॅपशॉट (त्या क्षणाची डेटाची प्रत) घेतला होता. त्यावरून साइट परत उभी राहिली.

तिथल्या लोकांनी त्यानंतर जे केलं ते मला मोठं वाटतं. काय चाललंय ते त्यांनी लगोलग सगळ्यांना वाचता येईल असं लिहिलं, दुरुस्ती युट्यूबवर थेट दाखवली, आणि नंतरच्या अहवालात त्या इंजिनीअरचं नाव न देता 'टीममधला एक सदस्य' एवढंच म्हटलं. कोण चुकला यापेक्षा, थकलेल्या माणसाला एका कमांडीत एवढं नुकसान करता येईल अशी व्यवस्था का होती, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला. याला 'ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम' म्हणतात. आपल्याकडे साहेबांचा पहिला प्रश्न 'कोणी केलं?' हाच असतो, आणि त्यामुळे पुढच्या वेळी माणसं चूक लपवतात. तुम्ही साधे अ‍ॅडमिन असाल तरी घटना घडली की एक पान लिहू शकता. किती वाजता काय दिसलं, काय केलं, का केलं, आणि पुन्हा होऊ नये म्हणून व्यवस्थेत काय बदलायचं. पहिलं पान स्वतःच्या चुकीचं लिहा. मग दुसरे धजावतात.

रेझ्युमेत काय लिहायचं

मुलाने शेवटी तेच विचारलं. "पण पाटीचं काय?"

डेझिग्नेशन खरं आहे तेच लिहायचं, सिस्टिम अ‍ॅडमिन. त्याखाली काम लिहायचं, आकड्यांसकट. 'अ‍ॅन्सिबलचं ज्ञान' असं लिहिणारे शेकड्याने असतात. 'बावीस सर्व्हरची मांडणी गिट आणि अ‍ॅन्सिबलमध्ये आणली, नवा सर्व्हर उभा करायचा वेळ दोन दिवसांवरून चाळीस मिनिटांवर आणला' असं लिहिणारा एखादाच असतो. मी मुलाखती घेतो तेव्हा असं वाक्य दिसलं की मी डेझिग्नेशनकडे परत बघतही नाही. आकडा मात्र खरा हवा, कारण मी लगेच विचारतो की त्या चाळीस मिनिटांतली सगळ्यात जास्त कुठे जातात. ज्याने केलंय त्याला ते तोंडपाठ असतं.

आणि कारखान्यात 'डेव्ह' कुठून आणायचे? आहेत. त्याच्याच मजल्यावर रिपोर्ट लिहिणारी एक मुलगी बसते, ईआरपीच्या व्हेंडरचा एक माणूस आठवड्यातून दोनदा येतो. ते दर वेळी त्याला मेलवर झिप फाईल पाठवतात आणि तो गुरुवारी ती टाकतो. मी त्याला सांगितलं, तिच्या टेबलापाशी जाऊन बस, तिचा रिपोर्ट तिच्या मशीनवर चालतो आणि सर्व्हरवर का चालत नाही ते दोघं मिळून बघा. त्यात कळलं की तिच्याकडे पायथनची आवृत्तीच वेगळी होती. आता तिचा कोडही त्याच गिटमध्ये असतो. ती बदल करते, जेन्किन्स आधी चाचणीच्या सर्व्हरवर तो चालवून बघतो, आणि तिथे पास झाला तरच पुढे जातो. गुरुवारची वाट बघावी लागत नाही.

काही ठिकाणी यातलं काहीच करू देत नाहीत, हेही खरं आहे. तिकीट येतं, ठरलेल्या सहा पायऱ्या करायच्या, बंद करायचं, आणि सर्व्हरवर एक अक्षर बदलायची मुभा नाही. तिथे वर्षभर प्रयत्न करून पाहा, तिकिटांचा हिशोब मांडून दाखवा की यातली किती एकाच कारणाने येतात. तरीही कोणी ऐकत नसेल तर नोकरी बदलण्यात कमीपणा नाही. पण तोपर्यंत घरच्या लॅपटॉपवर जे उभं केलंय ते दाखवण्याजोगं असू द्या.

त्या मुलाची पाटी अजून तीच आहे. क्लास त्याने लावला नाही. येत्या गुरुवारी तो ईआरपीच्या सर्व्हरचा बॅकअप दुसऱ्या, कोऱ्या मशीनवर उतरवून बघणार आहे. ही कसरत त्या कारखान्यात आजवर कोणी केलेली नाही. आणि तो स्वतः कीबोर्डला हात लावणार नाहीये, शेजारी उभा राहून फक्त बघणार आहे. लिहून ठेवलेलं वाचून ते काम रिपोर्टवाली मुलगी करणार आहे. तिला विचारावं लागलेला प्रत्येक प्रश्न तो वहीत टिपून घेणार आहे, आणि किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजणार आहे.